व्यायाम केला म्हणून जास्त खावे काय?

सकाळी तासभर फिरून आलेला माणूस घरात पाऊल टाकतो आणि म्हणतो, “आज चांगला घाम गाळलाय, दोन घास जास्त वाढा.” हल्ली कित्येकांच्या मनगटावरचे घड्याळच सांगते की, आज इतके उष्मांक जळाले. मग जळाले तेवढे पुन्हा खाऊन भरून घ्यायला हरकत कोणती? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विचारणारा कोण, ते आधी पाहावे लागते.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो आहारातला एक उष्मांक, हे गुरुजी मंडळींना ठाऊकच आहे. साठ किलो वजनाचा माणूस तासाला पाच किलोमीटर चालला, तर साधारण २०० उष्मांक खर्च होतात. पण गंमत पाहा. तोच माणूस तासभर ओट्यावर नुसता बसला असता, तरी साठएक खर्च झालेच असते. कारण श्वास चालतो, काळीज चालते, अंग ऊबदार राहते. म्हणजे चालण्याचा जादा खर्च दीडशेच्या आतबाहेर. साठ-सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी दोनशेच्या वर जाते. तेव्हा तासाच्या चालीला पुरती एक भाकरीसुद्धा येत नाही. आणि वाटेत स्टँडवर वडापाव खाल्ला, तर सगळी फिरंती त्यातच बुडाली म्हणा.

घड्याळावरही फार विसंबू नये. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी सात घड्याळे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. पण उष्मांकांत सर्वांत बरे ठरलेले घड्याळही सरासरी २७ टक्के चुकले.

म्हणून ज्याला वजन उतरवायचे आहे, दिवसभर ज्याचे काम बसून आहे, त्याने चालण्याचा खर्च भरून काढू नये. तहान लागली तर पाणी प्यावे, खरीच भूक लागली तर वाटीभर उसळ खावी. वजन लगेच उतरले नाही तरी चालणे सोडू नये. रक्तातल्या साखरेला आणि काळजाला त्याचा फायदा होतोच.

आता कोल्हापूरकडच्या तालमीतला पोरगा घ्या. पहाटे जोर-बैठका, पुन्हा मातीत उतरून लढती. त्याचे दूध, तूप, बदामाची थंडाई हे काही चोचले नव्हेत. त्याला “कमी खा” म्हणणे म्हणजे विहिरीवर इंजिन चालवायचे आणि डिझेल घालायचे नाही. घोटाळा होतो तो पुढे. नोकरी लागते, कुस्ती सुटते, खुराक मात्र सुटत नाही; मग पोट सुटते.

आणि जिला व्यायाम हा शब्दही लागू करीत नाहीत, ती ऊसतोडीला जाणारी बाई? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला १६६० उष्मांक लागतात, तर जड कष्टांत २७२०. फरक हजाराच्या वर, म्हणजे चार-पाच भाकऱ्यांचा. तिने खर्च भरून काढावा की नाही, हा प्रश्नच नाही, काढलाच पाहिजे. पण घरात ती जेवते सगळ्यांच्या मागून, तळाला उरेल ते. हा हिशोब कोणतेही घड्याळ दाखवीत नाही.

शाळेच्या कबड्डीतली, धावण्यातली मुलगीही याच बाजूची. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत राहिले, की शरीर काटकसर करू लागते. पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, खेळ मंदावतो. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या या अवस्थेकडे लक्ष वेधले. मुलगेही तिच्यातून सुटलेले नाहीत. एखादी चपळ मुलगी अचानक दमू लागली, तर तिला आळशी ठरवण्याआधी ती घरून काय खाऊन येते ते विचारावे. तीन महिने पाळी आली नसेल, तर तिला डॉक्टरकडे पाठवावे. ही चौकशी बाईंनीच केलेली बरी. सरावाच्या आधी गूळ-शेंगदाणे किंवा एखादे केळे, आणि घरी गेल्यावर रोजच्यापेक्षा एक भाकरी व आमटी जास्त, एवढे जमण्यासारखे आहे. मात्र हे तिच्या आईला घरी जाऊन सांगा. पालकसभेला बहुधा वडीलच येतात, आणि भाकरी वाढणारी घरीच राहते.