हिंदू कोड बिल आणि मंत्र्यांची भाषणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मी विषय कळविला तेव्हा आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "विषय जरा कोरडा नाही का?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कायदेमंडळातील वादविवाद म्हणजे कलमे, पोटकलमे आणि दुरुस्त्या. पण आपल्यापैकी जिच्या नावावर घर आहे, जिला नवऱ्यामागे वाटा मिळाला आहे, तिच्या त्या हक्काची घासाघीस याच वादविवादांत झालेली आहे.

९ एप्रिल १९४८ रोजी कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठवावे, असा प्रस्ताव मांडला. घटना समितीच तेव्हा कायदेमंडळाचेही काम पाहत असे. मसुदा बी. एन. राव समितीच्या कामावर आधारलेला होता. वारसा, पोटगी, विवाह, घटस्फोट, दत्तक, पालकत्व असा सगळा संसारच त्यात होता म्हणा ना!

त्या भाषणात आवेश फारसा नाही. एखाद्या चांगल्या मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवावे, तसे मिताक्षरा म्हणजे काय, दायभाग म्हणजे काय, हे ते समजावीत जातात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो विधवेच्या मिळकतीबद्दलचा त्यांचा युक्तिवाद. तेव्हाच्या कायद्याने बाईची मिळकत दोन प्रकारची होती. एक स्त्रीधन, ते सर्वस्वी तिचे. दुसरी वारशाने आलेली. ती तिने हयातीपुरती भोगायची, आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जायची. डॉ. आंबेडकरांचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: स्त्रीधन विकण्याची अक्कल बाईला आहे हे तुम्हांला मान्य, मग वारशाची जागा विकायच्या वेळी तीच अक्कल कुठे जाते?

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. माझ्या आजीच्या धाकट्या जाऊबाई तरुणपणीच विधवा झाल्या. १९३७ च्या कायद्यामुळे वाड्यातल्या दोन खोल्या त्यांच्याकडे राहिल्या खऱ्या, पण हयातीपुरत्या. डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी एक खोली विकायला काढली, तर गिऱ्हाईक येई, बघून जाई आणि पुन्हा फिरकत नसे. बाई गेल्या की पुतणे दावा लावतील, ही भीती. आजी म्हणायची, "तिच्या हातात किल्ली होती, पण घर नव्हते."

त्याच बिलात हुंड्याबद्दलही एक तरतूद होती. मुलीला हुंडा म्हणून दिलेली मिळकत तिच्यासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली समजावी, आणि अठरा वर्षांची झाल्यावर तिला ती मागता यावी. नवऱ्याचा वा सासरच्यांचा तीवर हक्क नाही. तिचाच धागा पुढे १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या सहाव्या कलमात दिसतो. आपल्यांतल्या किती जणींना हे कलम ठाऊक आहे?

मुलीचा वाटा मूळ मसुद्यात मुलाच्या निम्मा होता. सिलेक्ट कमिटीने तो बरोबरीचा केला. मग मात्र गदारोळ झाला. धर्म बुडेल, कुटुंबे मोडतील, बहीण भावाला कोर्टात खेचील! घटस्फोट हिंदूंना परका आहे, या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले की बहुसंख्य हिंदू ज्या जातींत मोडतात, त्यांच्यात रूढीने काडीमोड चालतच आला आहे. सभागृहात हंसा मेहता, रेणुका रे, दुर्गाबाई यांनी बिलाची बाजू घेतली. तरीही चर्चा रेंगाळली. सप्टेंबर १९५१ मध्ये केवळ विवाह व घटस्फोटाचा भाग घेतला गेला, त्याचीही चारच कलमे संमत झाली आणि बिल बाजूला पडले. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची इतरही कारणे होती, पण हे त्यांना फार लागले होते, हे त्यांच्या निवेदनावरून स्पष्ट दिसते.

पुढचे काम ज्यांनी तडीस नेले, त्यांना आपण फार लवकर विसरलो. हरि विनायक पाटसकर हे जळगावहून लोकसभेवर गेलेले, आपल्याच भाषेचे गृहस्थ. बिलाचे तुकडे करून एकेक मांडायचे असे ठरले होते, आणि विवाहाचा १९५५ चा व वारशाचा १९५६ चा कायदा कायदा खात्याचे मंत्री म्हणून त्यांनी सभागृहातून पार पाडला. वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने बाईच्या ताब्यातील मिळकत, मग ती आधी मिळालेली का असेना, पूर्ण मालकीची केली. आमच्या त्या आजींनी खोल्या पुढे विकल्या नाहीतच. पण भाडेकरू मात्र स्वतःच्या सहीने ठेवला, आणि भाडेही स्वतः मोजून घेतले.

तुकडे करण्यात काही हातचे गेलेही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाचा जन्मतः हक्क डॉ. आंबेडकरांचे बिल काढून टाकणार होते. १९५६ मध्ये तो राहिला, आणि मुलगी त्याबाहेर. राहत्या घराची वाटणी मागण्याचाही तिला अधिकार नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये काही मुलींना एकत्र मिळकतीत घेतले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. सर्व मुलींना तो हक्क आणि घराच्या वाटणीची मोकळीक २००५ च्या दुरुस्तीने मिळाली. वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये केला.

आणि इतके होऊनही हक्कसोडपत्र आहेच! भाऊबीजेची साडी घ्यायची आणि नोंदणी कचेरीत सही करून यायची, हे मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहते. सही करावी की नाही हे जिचे तिने ठरवावे. पण कागदात काय लिहिले आहे, कोणत्या गटाची, किती जमीन आपण सोडतो आहोत, हे वाचल्यावाचून करू नये, इतकी माझी विनंती आहे.

हे सारे वादविवाद महाराष्ट्र शासनाने काढलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या चौदाव्या खंडात, दोन भागांत, छापलेले आहेत. भाषा इंग्रजी आहे आणि पानेही पुष्कळ. मंडळाची तयारी असेल, तर गुरुवारच्या वाचनात मी एकेक भाषण मराठीतून सांगत जाईन. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.