मोह आणि परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ‘ख्रिस्ती जीवनातील मोहाचा प्रतिकार’ हा विषय आपण सुचविलात. मी धर्मोपदेशक नव्हे. फादर स्टीफन्स यांचे, १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ वर्गात शिकविता शिकविता या विषयाशी माझा परिचय झाला. तेव्हा भाषेच्या वाटेनेच मी त्याकडे जाणार आहे.

नव्या करारातील ‘पेइरास्मोस’ या ग्रीक शब्दाला दोन अर्थ आहेत : मोह आणि परीक्षा. मराठी बायबलातील प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ हा शब्द येतो. ‘मोह’ शब्दाच्या मुळाशी ‘मुह्’ धातू आहे. त्याचा अर्थ भांबावणे, भान हरपणे. ‘परीक्षा’ म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. मोहात प्रथम जाते ती दृष्टी. सदाचार त्यानंतर जातो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अरण्याचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर येशूपुढे जे ठेवले जाते, त्यात वरवर पाहता निंद्य असे फारसे काही नाही. भुकेल्याला भाकरी हवी असणे हे पाप नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावी म्हणून सैतान तर चक्क स्तोत्रसंहितेचा आधार देतो! राज्यवैभवाच्या तिसऱ्या आमिषात मात्र त्याची अट उघड होते. तिन्ही वेळा येशूचे उत्तर ‘अनुवाद’ या ग्रंथातून येते. नवे, चतुर उत्तर तो शोधीत बसत नाही. शांत काळात अंतरी मुरलेले वचनच भुकेच्या वेळी ओठांवर येते.

आपल्या भाषेतील उदाहरण द्यावयाचे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर करणाऱ्यावर प्रलोभनाला बळी पडल्याचा आरोप सहज होई. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिचे वेतन सोडले, आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे कार्य हाती घेतले. वेतन घेणे हे काही पाप नव्हते. परंतु चांगली वस्तूही पायातील बेडी होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

आता एक कबुली. अनेक वर्षांपूर्वी मी परीक्षक असताना एक परिचित माझ्या घरी आले. एक मुलगा थोड्या गुणांनी मागे राहत होता. घरची गरिबी होती. त्यांनी पैसा पुढे केला असता तर मी त्यांना दाराबाहेर काढले असते. त्यांनी करुणा पुढे केली, आणि मी गुण वाढविले. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली. त्या गुणांमुळे यादीत एक जागा खाली गेलेला दुसराही कोणी विद्यार्थी असेल, आणि कदाचित तोही गरीब असेल, हे फार उशिरा ध्यानात आले. मी एकाच बाजूने पाहिले होते.

लूक सांगतो की, सैतान येशूला सोडून गेला तो केवळ पुढील संधीपर्यंत. गेथशेमाने बागेत शिष्यांना जागे राहून प्रार्थना करण्यास सांगितले होते. ते झोपी गेले. त्यांच्या मनात वाईट नव्हते, त्यांना फक्त झोप आली होती. म्हणून ख्रिस्ती परंपरेत प्रतिकाराचे दुसरे नाव जागरण असे आहे, आणि स्वतःच्या बळावर विसंबू नये म्हणून त्याला प्रार्थनेची जोड आहे.

विद्यार्थी मित्रहो, जे उघड वाईट आहे ते तुम्ही ओळखालच. जे चांगले दिसते, त्याच्याभोवती मात्र एकदा फिरून पाहा. गुरुजींना याहून वेगळी श्रद्धांजली मला सुचत नाही.