नाण्याचा नावठाव

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत गेले आणि शिक्षण बी. ए.पर्यंतचे. पुरातत्त्वाची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु समानधर्मी मंडळी जमवून जुनी नाणी, लेणी, दैवतकथा आणि प्रवासात टिपलेली छायाचित्रे यांवर गप्पा मारण्याचा छंद आम्हांला पुष्कळ वर्षांपासून जडला आहे. त्या गप्पांतून जे एक सूत्र हाती लागले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आपण जमलो आहोत तो कस्तुरबा गांधी मार्ग. याचे जुने नाव कर्झन रोड. ज्या कर्झनसाहेबांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यांचे नाव या रस्त्यावरून गेले आणि कस्तुरबांचे आले. पुढे २०१३ साली याच रस्त्यावर महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू उभी राहिली. जुन्या नावावर नवे नाव उमटावे, ही गोष्ट नाण्यांच्या अभ्यासकाला मात्र नवलाची वाटत नाही.

कारण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्याची कथा हीच आहे. चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी! सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस त्याचा मुखवटा आणि ग्रीक लिपीतील अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. परंतु यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एकीकडे तीन कमानींची टेकडी व स्वतःचे नाव, दुसरीकडे उज्जयिनीचे चिन्ह. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक-डोळे अद्याप डोकावतात.

आता विचार करा. यांतील एकच नाणे दरीब्यातील एखाद्या सराफाकडे सुटे मिळाले असते, तर त्याची किंमत किती झाली असती? फार तर चांदीच्या वजनाची आणि थोडी हौसेची. परंतु ती सर्व नाणी एकत्र, एका ठिकाणी सापडली आणि त्यांची गणती झाली, म्हणून नहपानाच्या चलनावर सातवाहनाने केवढ्या मोठ्या प्रमाणावर आपली मुद्रा उमटविली हे कळले. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती कोणी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती. जोगळटेंभीच्या चांदीने त्या माउलीच्या बाजूने साक्ष दिली. तोच साठा शोधणाऱ्यांनी आपसांत वाटून मुशीत घातला असता, तर ही साक्ष कायमची बुडाली असती.

नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्याच लेण्यातील लेख आमच्यासारख्या हिशेबी माणसाला विशेष प्रिय आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेव ठेवले. व्याज दरमहा शेकडा १. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. गणित करून पाहा. वर्षाचे व्याज २४० आणि खर्चही २४०. हिशेबात एका कार्षापणाचीही तूट नाही! हा लेख वाचल्यावर हातातील नाणे काचेआडची वस्तू राहत नाही. त्यावर कोष्ट्याचा माग चालतो आणि भिक्षूच्या अंगावर वस्त्र येते.

दैवतकथांचेही असेच आहे. १९७० साली अफगाणिस्तानात ऐ-खानूम येथील उत्खननात यवन राजा अगाथोक्लीस याची सहा चौकोनी चांदीची नाणी मिळाली. त्यांवर चक्रधारी वासुदेव आणि नांगर-मुसळ घेतलेला बलराम आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आपला वासुदेव ऑक्ससच्या काठापर्यंत पोहोचला होता, हे आपण आज निःशंकपणे म्हणतो, कारण ती नाणी कोठे आणि कशी मिळाली याची नोंद आहे. उलट, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि रामदरबाराचे किंवा हनुमंताचे चित्र असलेले तुकडे फिरते विक्रेते ‘दोनशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून देतात. कंपनीच्या टांकसाळीने असे चलन कधी पाडले नाही. देवावरची श्रद्धा अवश्य असावी. नाण्याला मात्र त्याचा नावठाव विचारावा.

आपल्या घरांतही असे धन आहे. कोणाच्या देव्हाऱ्यात ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई असेल, कोणाकडे आजीच्या पेटीतला अंकुशी रुपया. पेशवाईतील त्या रुपयावर फारसीत नाव दिल्लीच्या बादशहाचे, हे आपणां दिल्लीकर मराठी माणसांना गमतीचे वाटेल. ही नाणी चिंचेने घासून लखलखीत करू नयेत. घासण्याने अक्षरे झिजतात, ती परत येत नाहीत. एका कागदावर लिहून ठेवावे, की हे कोणत्या गावचे, कोणाकडून कोणाकडे आले. गावी घराचा पाया खणताना पुरलेले धन निघाले, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अद्याप लागू आहे. दहा रुपयांवर किमतीचा ठेवा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. हे आम्ही अधिकारी म्हणून सांगत नाही. जोगळटेंभीची आठवण ठेवून सांगतो.

शेवटी छायाचित्रांविषयी. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचे लेणे आहे. तेथे सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती भिंतीत कोरल्या होत्या. आज तेथे पावलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. तरीही तेथे कोण उभे होते हे आपण सांगू शकतो, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे नाव कोरलेले होते. चेहरे गेले, नावे राहिली.

आमच्या या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या छायाचित्रांत नेमके उलट झाले आहे. चेहरे राहिले आहेत आणि नावे जात आहेत. पहिल्या गणेशोत्सवात तबला वाजविणारे ते गृहस्थ कोण, हळदीकुंकवाच्या रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या त्या वहिनी कोणत्या, हे सांगू शकणारी मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या मुलांना आजोळची वाट कदाचित छायाचित्रांतूनच सापडेल. त्या वाटेवर पाटी लावणे आपले काम आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. दिवाळीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्याकडील जुनी छायाचित्रे काढावीत, वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, मागे तीन गोष्टी लिहाव्यात. नाव, गाव आणि साल. मोबाईलमधील चित्रांनाही हाच नियम लावावा. ज्यांना ओळख पटणार नाही, त्यांनी ती चित्रे मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तेथे पेन्सिल घेऊन बसलेले असू.