शर्यतीआधीचे चौदा दिवस : पेण-रोह्याच्या सायकलवाल्यांसाठी

आजचा भाग खास आपल्या रायगडकरांसाठी. रविवारी पहाटे पेणहून निघून वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड करत रोह्याला जाणारे, किंवा नागोठण्याला वळून भिसे खिंडीतून रोहा गाठणारे आपण लोक. कुणी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतो, कुणी धाटावच्या कंपनीत पाळीवर जातो, कुणी शाळेत शिकवतो. सायकल हे आपलं पोट नाही, हौस आहे. पण मोठ्या शर्यतीला नाव दिलं की ही हौस एकदम गंभीर होते. माझ्याकडे येणारा प्रश्न ठरलेला असतो : "पंधरा दिवस उरलेत, आता काय करू?"

उदाहरणाला आपण मुंबई-पुणे हा शर्यतीचा जुना मार्ग घेऊ. या शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब असायचा, आणि तो घाट म्हणजे आपल्या दारातला बोरघाट. पेणहून खोपोली साधारण ३० किलोमीटर. म्हणजे आपण नशीबवान. पण एक गोष्ट मान्य करू. आपला रोजचा सराव खारपट्टीतल्या सपाट रस्त्यावरचा. खिंडी आहेत, पण त्या काही मिनिटांत संपतात. बोरघाटात खोपोली ते खंडाळा सुमारे ५०० मीटर उंची सलग चढायची असते. खिंडीत जोर लावून सुटता येतं, घाटात नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यात हमखास एक खुळ डोक्यात शिरतं : सराव कमी पडलाय, अजून दोनदा घाट मारून येऊ. तर तसं करू नका. आज केलेल्या कष्टाचं फळ शरीराला मिळायला दहा-पंधरा दिवस जातात. शेवटच्या आठवड्यात घातलेली मोठी राइड फळ देत नाही, फक्त थकवा देते. पावसाळा संपताना लावलेलं रोप दिवाळीत फळ देईल का? तसंच हे.

मग करायचं काय? शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण किलोमीटर हळूहळू निम्म्यावर आणायचे, पण वेग नाही सोडायचा. आठवड्याला २०० किलोमीटर होत असतील तर पहिल्या आठवड्यात १४०, दुसऱ्यात ९०-१००. त्यात दोन दिवस तीन-चार मिनिटांचे जोरकस तुकडे ठेवायचे, म्हणजे पाय जागे राहतात. याला टेपर म्हणतात. यात एक गंमत होते. सराव कमी झाला की अंग जड वाटतं, गुडघ्यात नसलेलं दुखणं सापडतं, घरात चिडचिड होते. हे बहुतेकांना होतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे निदान भांडण तरी होणार नाही.

आता झोप. पाळीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, कुणालाच नीट लागत नाही, आणि एका रात्रीने फारसं बिघडतही नाही. हिशेब आधीच्या पाच-सहा रात्रींचा असतो. तिसरी पाळी त्या आठवड्यात येत असेल तर आत्ताच सुपरवायझरशी बोला, सहकाऱ्याबरोबर अदलाबदल करा. नवीन चाकं घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त उपयोगी.

डोक्याचा थकवा हा वेगळा विषय. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६ जणांवर एक प्रयोग केला. एकदा त्यांना ९० मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा नुसत्या फिल्म दाखवल्या. दोन्ही वेळा नंतर सायकलवर दमेपर्यंत पेडल मारायला लावलं. फिल्म पाहिल्यावर ते सरासरी साडेबारा मिनिटं टिकले, डोकं शिणल्यावर पावणेअकराच्या आसपास. हृदयाचे ठोके वगैरे पाहिले तर शरीर दोन्ही वेळी जवळपास सारखंच चाललं होतं. फरक होता तो श्रम किती वाटतात यात. याचा अर्थ काय, तर आदल्या दिवशी हिशेबाच्या वह्या, कामाचे वादविवाद, व्हॉट्सॲप ग्रुपवर बाराशे मेसेज, हे सगळं दुसऱ्या दिवशी घाटात पायांवर येऊन बसतं. आदला दिवस रिकामा ठेवा.

खाण्याकडे येऊ. शरीरात साखरेचा साठा साधारण ४००-५०० ग्रॅम, जेमतेम दोन हजार कॅलरींचा. पाच तासांच्या शर्यतीला तो पुरत नाही. म्हणून दोन गोष्टी. एक, आदले दोन दिवस भात, तांदळाची भाकरी, बटाटा, पोहे यांचं प्रमाण वाढवायचं. तेल आणि चोथा कमी. पेणकरांना पोह्यांचं कौतुक मी वेगळं सांगायला नको. वजनकाटा किलोभर जास्त दाखवेल. घाबरू नका, साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ते रस्त्यात कामाला येतं.

आणि हो, शर्यत थंडीत असेल तर मित्र आदल्या रात्री पोपटीला बोलावणारच. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो वास! नाही म्हणा. वाल दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात काय करतात ते मी माइकवर सांगणार नाही. पोपटी शर्यतीनंतरच्या शनिवारी करा, मलाही बोलवा.

दुसरं, सायकलवरचं खाणं. तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे दोन केळी आणि बाटलीत दोन-तीन चमचे साखर, किंवा एक केळं आणि सहा-सात चमचे साखरेचं लिंबूपाणी. भूक लागायची वाट पाहू नका; पहिल्या वीस मिनिटांत पहिला घास. पोटालाही सराव लागतो, त्यामुळे हे सगळं रोह्याच्या राइडवर आधी करून बघा. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नाही. नवीन जेल नाही, नवीन बूट नाहीत, सीटची उंचीसुद्धा बदलायची नाही.

पाण्याचं आपल्या कोकणात वेगळंच. दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. तासाभराच्या राइडआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. जेवढं कमी झालं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा तासाचा घाम. त्याच्या आसपास प्या, पण त्याहून जास्त नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलं.

आता मनाची तयारी. "पॉझिटिव्ह राहा" असं मी सांगणार नाही, त्याने पंक्चर निघत नाही. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' पद्धतीच्या बेतांवर बरंच काम केलंय. आपण काय करणार हे परिस्थितीशी बांधून ठेवलं की त्या क्षणी विचार करावा लागत नाही. एका कागदावर पाच ओळी लिहा. जर पंक्चर झालं, तर डावीकडे पूर्ण बाहेर जाईन, तीन श्वास घेईन, मग चाक काढीन. जर पुढचा घोळका सुटला, तर एकटा मागे धावणार नाही, मागून येणाऱ्यांची वाट पाहीन. जर घाटात श्वास लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल आणि अजून शिंग्रोबाचं देऊळही आलं नसेल, तर एक गिअर हलका करीन. जर पाय आखडले, तर वेग कमी करून मिठाचं पाणी घेईन. पाचवी ओळ तुमच्या स्वतःच्या भीतीची.

मनात रस्ताही फिरवून बघा, पण फक्त जिंकतानाचा नको. आणि खंडाळ्यापाशी थांबू नका. आपल्याकडचे बरेच जण बोरघाटालाच शेवट समजतात. वर पोहोचतात, हात उंचावतात आणि तिथेच मन सायकलवरून उतरतं. खंडाळ्याहून पुणं अजून ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. मनातल्या नकाशात घाट हा मधला टप्पा असू द्या.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन आठवा. दवाखाना सांभाळून सायकल चालवणारे हे भाऊ. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघात अमेरिकेतली सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. एवढं अंतर कुणी एका दमात डोक्यात धरू शकत नाही. पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा, असंच ते कापावं लागतं. आपले दीडशे किलोमीटरही तसेच कापायचे.

शेवटचा मुद्दा, आणि हा ऐकून मगच बंद करा. पावसानंतर आपल्याकडे ताप फिरत असतात. सर्दी-शिंक वेगळी, पण ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर सुरुवातीच्या रेषेवर जायचं नाही. तापात जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असं नाही. चाळिशी ओलांडली असेल, घरात हृदयविकार असेल, चढावर छाती दाबल्यासारखी होत असेल, तर आधी डॉक्टर, मग बिब नंबर. फी गेली, मित्र हसले, चार महिन्यांचा सराव वाया गेल्यासारखा वाटला, तरी चालेल. सराव वाया जात नाही. पाय तुमचेच आहेत, शर्यत पुन्हा येईल.

आणि हा निर्णय शर्यतीच्या पहाटे घ्यायचा नाही. तेव्हा आपण सगळेच स्वतःला फसवतो. आदल्या संध्याकाळी थर्मामीटर लावा आणि कुणी एकाला, बायकोला, भावाला, रोजच्या जोडीदाराला सांगून ठेवा : तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही.

बाकी ब्रेकपॅड, साखळी, टायरची हवा शुक्रवारीच बघून घ्या. दोन ट्यूब जवळ ठेवा. तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात शर्यतीनंतरचा आठवडा कसा काढायचा ते बोलू. तोवर रस्त्याच्या डाव्या बाजूने, हेल्मेट घालून. नमस्कार.