पडदा नागोठण्यात, हिशेब पुण्यात



नागोठण्यासारख्या अंबाकाठच्या गावी पावसाचा हिशेब केवळ वहीपुरता नसतो. जुलै १९८९ मध्ये याच अंबेच्या पुराने वरच्या अंगाच्या जांभूळपाड्याची वाताहत केली. तेव्हा शाळेने रोजचा पाऊस मोजून ठेवला, तर त्या आकड्यांना प्रश्न कसे विचारावेत, ते आज पाहू.

समजा, गुरुजींनी तक्ता आखला. जून ते सप्टेंबर अशा चार ओळी, प्रत्येक ओळीत ३१ घरे. महिना ३० दिवसांचा असला, की शेवटच्या घरात शून्य. आता प्रश्न असा, की १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोणत्या महिन्यात किती दिवस पडला?

पुष्कळशा संगणक-भाषांत यंत्राला एकेक घर दाखवीत न्यावे लागते. ए.पी.एल. ही भाषा सबंध तक्ताच एकदम उचलते. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली पुस्तकातून तिची चिन्हे मांडली. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले. तक्त्याला ‘शंभराहून मोठे?’ असे विचारले, की होय असेल तेथे १ आणि नाही तेथे ० येतो. १२, १२०, ०, १०५ या आकड्यांचे होतात ०, १, ०, १. मग अधिकचिन्ह आणि तिरकी रेघ दिली, की बेरीज २. म्हणजे दोन दिवस! चारही महिन्यांची उत्तरे एकाच आज्ञेत मिळतात.

आपण म्हणाल, मोठे संगणक शहरात. आमच्या जुन्या यंत्राचे काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक संगणक सुरू झाला, तेव्हा काम घेऊन संगणकापाशी जावे लागे. आता तसे नाही. डायलॉग ए.पी.एल.साठी ‘राइड’ नावाचे साधन आहे. लिहायचे, तपासायचे, चूक शोधायची, ती आपल्या पडद्यावर. आकडेमोड करणारे यंत्र मात्र पुण्यात असले तरी चालते. आपल्याकडे विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, राइड तिन्हींवर चालते. नेहमीच्या पाट्यावर नसलेली ए.पी.एल.ची चिन्हे वरच्या पट्टीत मांडलेली असतात. बोट ठेवावे नि उचलावे. पलीकडच्या यंत्रावर तशी सोय केली, तर नुसत्या ब्राउझरमधूनही काम होते.

एक सावधगिरी मात्र हवी. अशी वाट उघडी टाकली, तर कोणीही परका त्या यंत्रावर हवे ते करू शकेल. घराला कडी-कुलूप, तसे येथे ओळखपत्र आणि सांकेतिक जोडणी हवीच. आणि तार तुटली, तर काम अडते. म्हणून मूळ नोंदवही शाळेच्या कपाटातच असू द्या.

गुरुजी, यंत्र दूर असले तरी चालेल, प्रश्न मात्र वर्गातूनच निघाला पाहिजे. पर्जन्यमापकातले पाणी मुलांनी स्वतः मोजावे, तक्ता भरावा, आणि मगच विचारावे.