पडलेला आंबा उचला



आंबा वरून पिवळाधमक दिसतो. आपण तो पोराच्या हातात देतो. पोर चोखायला घेते आणि पाहते तो काय, आत पांढऱ्या अळ्या वळवळताहेत! असे आपल्या पेठ तालुक्यात घरोघरी होते. आपण म्हणतो, "पाऊस पडला, आंब्याला कीड झाली." जणू अळी पावसातूनच पडली.

आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. मुलांना शिकवीत होतो, पण हे आम्हांला ठाऊक नव्हते. मग आम्ही एक गोष्ट करून पाहिली. तुम्हीही करा.

काचेच्या बरणीत चार बोटे ओलसर माती घातली. तिच्यावर किडका आंबा ठेवला. बरणीच्या तोंडाला फडके बांधले. काही दिवसांत अळ्या आंब्यातून बाहेर आल्या. त्यांना पाय नसतात. त्या अंगाची कमान करतात आणि टुणकन उडी मारतात. अशा उड्या मारीत त्या मातीत शिरल्या. मातीत त्यांचे तपकिरी दाणे झाले, भाताच्या दाण्याहून आखूड. त्यांना कोष म्हणतात. आठ-दहा दिवस गेले आणि एका सकाळी पाहतो तो बरणीत माश्या!

हीच फळमाशी. घरातल्या माशीएवढी, रंगाने तांबूस-पिवळी. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असते. पाडाला आलेल्या आंब्यात ती नळी टोचते आणि सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या गर खातात, फळ मऊ पडते, गळते. अळी मातीत जाते आणि तिची पुन्हा माशी होते. या साऱ्याला सुमारे तीन आठवडे लागतात. एक मादी शेकडो अंडी घालते. करा हिशेब!

आता आमची चूक सांगतो. आम्ही झाडाखालचे किडके आंबे रोज गोळा करीत होतो आणि घरामागच्या उकिरड्यावर टाकीत होतो. अंगण स्वच्छ दिसे, आम्हांला बरे वाटे. पण पावसाळ्यात परसातला एक पेरू धड मिळेना. आंब्यावरची माशी पेरूवरही जाते. उकिरडा तिचे माहेर झाला होता. शेजारची बाई पेरू विकून चार पैसे मिळवीत असे. ती म्हणाली, "गुरुजी, तुमचा कचरा माझ्या पेरूला भोवला." तिचे म्हणणे खरे होते. आम्ही मान खाली घातली.

ही माशी लहान, पण तिने मोठे सौदे मोडले आहेत. मालात फळमाशीच्या अळ्या सापडल्या म्हणून युरोपातील देशांच्या संघाने मे २०१४ पासून भारताचा आंबा घेणे बंद केले. कारल्यालाही बंदी झाली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या आरंभी उठली. आपल्याच नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' केंद्र आहे. तेथे किरणांचा मारा करून २००७ साली आंबे अमेरिकेला गेले. आत अळी असलीच तरी तिची वंश वाढविणारी माशी होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

आपल्याला एवढी यंत्रे नकोत. चार गोष्टी पुरेत.

पहिली. पडलेले फळ रोज उचला. दोन फूट खोल खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा. नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. उकिरड्यावर टाकू नका.

दुसरी. झाडाखालची माती उकरा. कोष उघडे पडतात. उन्हाने मरतात, कोंबड्याही टिपतात.

तिसरी. आंबा झाडावर पिकू देऊ नका. तयार होताच झेल्याने उतरवा आणि अढीत पिकवा.

चौथी. सापळा टांगा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'रक्षक' सापळा तयार केला आहे. त्यात मिथिल युजेनॉल नावाचे औषध असते. आपल्या तुळशीतही ते असते. त्याच्या वासाने नर माश्या सापळ्यात येतात व मरतात. नर उरले नाहीत तर मादीची अंडी फुकट जातात. कारली, दुधी, काकडी यांवरची माशी निराळी. तिला निराळा वास लागतो. म्हणून सापळा घेताना पीक कोणते ते सांगा. किती लावायचे ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

अळी एकदा फळात शिरली की वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तोडीला आलेल्या फळावर विष मारले तर ते मात्र आपल्याच पोरांच्या पोटात जाते.

आणखी एक ध्यानात ठेवा. माशीला बांध कळत नाही. आमचे झाड स्वच्छ आणि तुमच्या झाडाखाली सडा, तर दोघांचेही नुकसान. आम्ही आता शेजारणीच्या पेरूखालची फळेही उचलतो. ती आमच्या आंब्याखालची उचलते.

तेव्हा आंब्याच्या दिवसांत सकाळी टोपली घेऊन झाडाखाली जा. जाताना शेजाऱ्यालाही हाक मारा.