नातवाची पायपेटी



परंड्यासारख्या गावी राहणाऱ्या, आणि आयुष्याची पस्तीस वर्षे मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेल्या एका मॅट्रिक झालेल्या मास्तराने गिटारच्या विजेच्या उपकरणांवर भाषण करावे, हे ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू येईल. मलाही ते आले होते. परंतु आमच्या गावाच्या किल्ल्यावर एके काळी मुलुखमैदान तोफ होती, आणि १६३२ साली ती विजापुरास नेण्यात आली. तेव्हा खर्जातल्या आवाजाविषयी दोन शब्द बोलण्याचा परंडेकरांना थोडासा वडिलोपार्जित हक्क आहे, असे समजून मला क्षमा करावी.

गोष्ट अशी झाली. माझा नातू गिटार वाजवितो. त्याचे तीन सोबती आहेत. एकजण कीबोर्डवर बसतो, दुसरा ऑक्टापॅड वाजवितो, आणि शेजारच्या गल्लीतील एक मुलगी गाते. गणेशोत्सवात आणि लग्नसमारंभांत त्यांना बोलावणी येतात. यांच्यात उणीव एकच. खालच्या सप्तकाचा आधार देणारी बास गिटार वाजविणारा कोणी नाही. एके दिवशी दुपारी नातू माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, ऑक्टेव्ह पेडल घ्यायचे आहे. अर्धे पैसे साठले आहेत. तुमच्या पेटीला कपलर आहे ना, तसलीच वस्तू आहे ही."

त्याने हे अगदी सहज म्हटले. कपलर हा शब्द माझ्या मनात कोठे जाऊन लागला, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ज्यांच्या घरी पेटी नाही अशा श्रोत्यांसाठी प्रथम कपलर म्हणजे काय ते सांगतो. पेटीच्या पट्ट्यांखाली तारांची व तरफांची एक जुळणी केलेली असते. तिची खुंटी ओढली की मध्य सप्तकातला षड्ज दाबताच दुसऱ्या सप्तकातल्या षड्जाची पट्टीही आपोआप खाली जाते. बोट एक, सूर दोन. आवाज एकदम भरदार होतो, आणि साधारण वाजविणाराही क्षणभर मोठा वादक वाटू लागतो. यातच तिचे सारे आकर्षण आहे आणि सारा धोकाही आहे.

१९८६ साली आमच्या भजनी मंडळाने वर्गणी जमवून नवी पेटी घ्यावयाचे ठरविले. मंडळींत शिकलेला म्हणून, आणि पेटीवर बोटे फिरविणारा म्हणून, निवड माझ्याकडे आली. दुकानात मी चार पेट्या वाजवून पाहिल्या. त्यांतली एक साधी होती. भाता हलका, सूर गोड. दुसरीला कपलर होता. त्या लहानशा खोलीत ती अशी काही घुमली की मी पुढचे काही पाहिलेच नाही. भात्याची हवा किती वेळ टिकते हे पाहिले नाही, कपलर लावल्यावर पट्ट्या किती जड होतात हे पाहिले नाही, आणि ही पेटी ज्यांच्या गळ्याला साथ करणार त्यांना तर बरोबर नेलेही नव्हते.

आमचे बुवा त्या वेळी सत्तरीच्या घरात होते. आवाज बारीक, पण सुराला इतका सच्चा की पहाटेच्या काकड्याला ते उभे राहिले म्हणजे देवळात कोणी खोकत नसे. त्या आवाजावर मी माझी दुप्पट झालेली पेटी सोडली. बुवा एकदा म्हणाले, "गुरुजी, जरा हलके घ्या." मला वाटले, म्हातारपणी कान हळवे होतात. खुंटी आत ढकलली असती तर कपलर बंद झाला असता. पण मी ती ढकलली नाही. दुसऱ्यांदा बुवा काही बोलले नाहीत. हळूहळू ते एकादशीला मागे बसू लागले, आणि पुढे येईनासे झाले. चार वर्षांनी ते वारले. त्यांच्याशी या विषयावर माझे बोलणे कधीच झाले नाही.

म्हणून नातवाला मी म्हटले, "पैसे देईन, पण निवडायला मी बरोबर येईन." त्याला आनंद झाला की संकट वाटले, हे मी अद्याप विचारलेले नाही.

जाण्यापूर्वी पंधरा दिवस आमचा अभ्यास चालला होता. प्रथम नावाचाच घोळ. मी ऑक्टापॅड आणि ऑक्टेव्ह ही भावंडे समजत होतो. एकीत आठ चौकटी, म्हणून ते नाव. दुसरीत आठवा सूर. आपण सा ते नी असे सातच मोजतो म्हणून सप्तक म्हणतो; पाश्चात्त्य लोक वरचा षड्जही मोजतात म्हणून त्यांचे अष्टक होते. वस्तू एकच. वरच्या षड्जाची कंपने खालच्याच्या बरोबर दुप्पट.

आता हे पेडल. 'पायपेटी' या शब्दाने मला ते चटकन उमगले. आमच्या संगीत नाटकांच्या काळात पायपेटी असे. भाता पायांनी चालविल्यामुळे वादकाचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हातांनी त्या वाद्यातून काय काढले हे जुन्या पिढीने ऐकले आहे. गिटार वाजविणाऱ्याचेही दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून त्याच्या उपकरणाची कळ पायाखाली. गिटारची तार या डबीत शिरते, तेथे सुरावर संस्कार होतो, आणि मग तो ध्वनिवर्धकाकडे जातो.

या डब्यांच्या मला तीन जाती दिसल्या. सर्वांत जुनी जात वरचे सप्तक देणारी. इंग्लंडातील रॉजर मेयर या गृहस्थाने केलेली 'ऑक्टेव्हिया' जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली 'पर्पल हेझ' या गाण्यात वापरली, आणि ती प्रसिद्ध झाली. हिची युक्ती मोठी गमतीची आहे. ध्वनीच्या लहरीला वर एक उंचवटा व खाली एक खळगा असतो. ही डबी खळगा उलटा करून उंचवटाच बनविते. जेथे एक उंचवटा होता तेथे दोन झाले; कंपने दुप्पट. परंतु त्यात स्वर खरखरीत होतो, आणि ती खुलते बहुधा बाराव्या पडद्याच्या पुढे. आमच्या कामाची नाही, हे आम्ही घरीच ठरविले.

दुसरी जात खालचे सप्तक देणारी. तिचा नमुना म्हणजे जपानच्या बॉस कंपनीची ओसी-२. ती १९८२ साली निघाली. हिच्या पोटात एक प्रकारचा मोजणीदार बसविलेला असतो. दोन लहरी आल्या की तो एक सोडतो; कंपने निम्मी. मोजणीदार प्रामाणिक आहे, पण त्याला एका वेळी एकच रांग मोजता येते. दोन तारा एकदम छेडल्या की तो गोंधळतो, आणि गुळण्या केल्यासारखा आवाज निघू लागतो. एकेरी सुरात मात्र तिचा खर्ज असा जाड आणि गोल असतो की ऐकत राहावे.

तिसरी जात अंकगणिती. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने २००५ साली 'पॉग' काढली; तिच्यात सबंध झुपका, ज्याला हे लोक कॉर्ड म्हणतात, तो एकदम वर किंवा खाली नेता येतो. बॉस कंपनीची २०२० सालची ओसी-५ तर एकाच डबीत जुन्या पद्धतीचा एकेरी खर्ज आणि नव्या पद्धतीचा अनेकसुरी खर्ज असे दोन्ही देते. मला ही पॉग फार आवडली, कारण वरचे व खालचे सप्तक मिळविले की गिटार थेट ऑर्गनसारखी बोलते. डोळे मिटले तर नाट्यगृहात बसल्याचा भास होतो. पण सगळ्याच झुपक्याला खर्ज दिला की चिखल होतो. पेटीच्या खर्जात तीन पट्ट्या शेजारी शेजारी दाबून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आम्ही कुर्डुवाडीस जाऊन आगगाडी धरली आणि पुण्यास गेलो. दुकानदार सज्जन. त्याने एका भल्या मोठ्या ध्वनिवर्धकाला डबी जोडली, नातवाने जाड तार छेडली, आणि काचेच्या कपाटांची दारे थरथरली. पोराच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी ओळखले. १९८६ साली त्या पेटीच्या दुकानात माझा चेहरा अगदी असाच झाला असला पाहिजे.

मी म्हणालो, "छान आहे. आता आपल्या घरी आहे तेवढ्याच कर्ण्याला जोडून दाखवा." दुकानदाराने आठ इंची कर्ण्याचा लहान ध्वनिवर्धक आणला. तीच डबी, तीच तार; पण खर्ज जवळजवळ नाहीसा झाला. उरली एक घुसमटलेली फडफड.

याचे कारण गणिताचे आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. एक सप्तक खाली म्हणजे ४१. बास गिटारची जाड तार नेमकी हीच. लहान कर्ण्याला ही कंपने पेलत नाहीत. आणि ज्या डब्या दोन सप्तके खाली नेतात त्या त्या तारेवर विसाच्या आसपास येतात. तेथे तर माणसाच्या कानाचीच हद्द संपते. भात्यात दम नसताना कपलर ओढावा तसेच हे. नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपण होऊनच विचारले, "उत्सवात भाड्याचे मोठे कर्णे असतात, त्यांना जोडले तर?" त्या दिवशी त्याला मिळालेली अक्कल माझ्या अकलेपेक्षा बरीच स्वस्तात मिळाली.

पुढची परीक्षा आम्ही सावकाश केली, आणि ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनी ती अवश्य करावी. आपलीच गिटार बरोबर न्यावी. एक सूर छेडून तो विरेपर्यंत थांबावे. विरता विरता खर्ज अडखळतो का, हे पाहावे, कारण वाईट डबी शेवटी शेवटी सूर सोडून भलतीकडे उडी मारते. मग भरभर वाजवून खर्ज मागे तर राहत नाही ना, हे पाहावे. मूळ सूर आणि खर्ज यांचे प्रमाण वेगवेगळे ठेवण्यास निराळ्या कळा आहेत की नाहीत, हे मला तर सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या डबीत खर्ज कमी करता येत नाही ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. आवाज फाडणारी दुसरी डबी असेल तर ऑक्टेव्हची डबी तिच्या आधी जोडावी. फाटलेल्या लहरी मोजणे मोजणीदारास जड जाते. वीज बहुतेकींना ९ व्होल्टची लागते आणि अ‍ॅडॉप्टरच्या टोकाचा मधला बिंदू ऋण असतो. बाजारात उलटेही मिळतात, तेव्हा खालची आकृती वाचल्याशिवाय जोडू नये.

या डब्यांना कृत्रिम म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन की पेटीही परदेशातून आली, आणि ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलत आहे तिनेच १९४० साली पेटीला दार बंद केले होते. मींड निघत नाही, सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, अशी कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. ती बंदी १९७१ साली सैल झाली. मधल्या एकतीस वर्षांत आमच्या देवळात पेटी एक दिवसही थांबली नव्हती.

शेवटी नातवाने एकेरी सुराचीच डबी घेतली. दुकानदार अनेकसुरी घ्या म्हणून सांगत होता, आणि तसे पाहिल्यास तिच्यात सोयी अधिक होत्या. पण आपल्याला फक्त बासच्या जागा भरावयाच्या आहेत आणि त्या एकेरीच असतात, हे मुलाचे म्हणणे मला पटले. उरलेले पैसे त्याने मला परत दिले. मी ते घेतले. मास्तराने हिशेब सोडू नये.

गेल्या आठवड्यात आमच्या माडीवर त्यांची तालीम झाली. सुरुवातीच्या वाद्यमेळात खर्ज असा भरून आला की खालच्या खोलीतील फडताळातल्या वाट्या वाजल्या. मग ती मुलगी गाऊ लागली, आणि नातवाने पायाने कळ दाबून डबी बंद केली. तालीम संपल्यावर मी विचारले, "बंद का केलीस रे?"

"तिला तिचा आवाज ऐकू येत नव्हता, आबा. तिनेच सांगितले."

तिने सांगितले आणि याने ऐकले. मी त्याला बुवांची गोष्ट तोपर्यंत सांगितली नव्हती; त्या रात्री जेवताना सांगितली.

मंडळाची ती पेटी अजून माझ्याच घरी असते. येत्या एकादशीला ती देवळात न्यावयाची आहे. बुवांचा पणतू आता काकड्याला उभा राहतो. आवाज त्यांच्यासारखाच बारीक आहे. भात्याच्या कडांना नवे चामडे लावून घेतले आहे, आणि कपलरच्या तारा काढून ठेवण्याचे काम नातवाने पेचकस घेऊन स्वतःच केले. पट्ट्या आता किती हलक्या झाल्या आहेत, हे मला या वयात प्रथमच कळते आहे.